अप्पांचा ब्रेकर आणि जावयाचं चेंबर

निवृत्तीनंतर माणसानं समाजासाठी काहीतरी करावं, असं महादेवप्पांना त्यांच्या निरोप समारंभात कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा जेवण करून विसरून गेला. महादेवप्पा विसरले नाहीत. त्यांनी घरासमोर गतिरोधक बसवून घेतला.

त्यासाठी त्यांनी अर्ज केला, अर्जाला स्मरणपत्र दिलं आणि स्मरणपत्राला स्मरणपत्र दिलं. सरकारी नोकरीत ते अव्वल कारकून होते. दुसऱ्यांचे अर्ज 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा' असा शेरा मारून परत पाठवण्यात त्यांची हयात गेलेली. तरी त्यांच्या अर्जानं काही झालं नाही. झालं ते निवडणुकीनं. एक उमेदवार कुठल्याशा कामावरून उरलेला माल ट्रॅक्टरमध्ये घालून आला आणि त्यानं तो गल्लीत आडवा ओतला. माल जरा जास्तच उरला होता. नारळ फुटला, महादेवप्पांच्या गळ्यात हार पडला आणि लातूर शहराच्या भूगोलात एका टेकडीची भर पडली. उन्हाळ्यात संध्याकाळी म्हशी तिच्यावर चढून उभ्या राहत आणि बराच वेळ कॉलनीकडं बघत.

लोक त्याला 'अप्पांचा ब्रेकर' म्हणत. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना 'अप्पांच्या ब्रेकरपाशी सोड' एवढं पुरायचं. महादेवप्पा स्वतः मात्र कटाक्षानं 'गतिरोधक' म्हणत. आपल्या अपत्याला आपण टोपणनावानं हाक मारली तर जग काय म्हणेल?

तर या ब्रेकरनं गेल्या दिवाळीत त्यांच्या जावयाची गाडी खाल्ली.

जावई अमरेश नांदेडचा. त्याचे वडील बसलिंगअप्पा यांचं तिथं खत-बियाण्यांचं दुकान. घरात जीप होती, टेम्पो होता, दोन माणसांना पुरून उरेल एवढी अक्कलही होती. पण अमरेशनं हैदराबादहून वापरलेली, लाल रंगाची स्पोर्ट्स कार आणली. ही गाडी बसण्यापेक्षा निजायला सोयीची. तिच्यातून उतरणारा आधी गुडघे बाहेर काढतो, मग हात, आणि मग आतून कुणीतरी ढकलल्यासारखा उरलेला बाहेर येतो. गाडीच्या पोटापासून रस्ता चार बोटं खाली. आता इंजिनाच्या पोटाखाली तेलाची एक परात असते. परदेशी पुस्तकात तिला काहीही म्हणोत, आपल्याकडचे गॅरेजवाले तिला चेंबर म्हणतात. दिवाळसणाला अमरेश अप्पांच्या लेकीला, अक्षराला, शेजारी बसवून झोकात गल्लीत शिरला, पुढची चाकं ब्रेकर चढून उतरली आणि गाडीनं बैलानं फतकल मारावी तसं पोट टेकलं. चेंबर फुटलं. काळं तेल ओघळत आलं आणि महादेवप्पांच्या पत्नी उमाबाईंनी दारात काढलेल्या रांगोळीतल्या मोराला गिळून पुढं गेलं.

गाडी ट्रकवर चढून नांदेडला गेली. जावई फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसनं गेला. दुसऱ्या दिवशी बसलिंगअप्पांचा फोन आला.

"इवाई, आम्ही पोरगं गाडीत पाठवलं, तुम्ही बसमधी पाठवून राहिले."

"अहो, ते जरा गतिरोधकावर..."

"चालतंय, चालतंय. पोरगं साबूत हाय ना, मग झालं. गाडीचं काय, लोखंडच हाय ते."

व्याह्यानं भांडावं, रागवावं, माणसाला उत्तर देता येतं. पण 'चालतंय' म्हणणाऱ्या व्याह्याला काय उत्तर देणार? महादेवप्पांच्या घशाखाली त्या दिवाळीची चकली अजून पुरती उतरली नव्हती, तोच अधिक महिना जवळ आला.

अधिकात लेक-जावयाला धोंड्याला बोलवायचं असतं. पुरणाचे धोंडे, ताटात तेहतीस अनारसे, कपडे, दिवा, पाया पडणं. अधिक महिना विष्णूचा आणि महादेवप्पांचं घराणं शिवभक्तांचं. पण जावई हे दोन्ही पंथांना सारखंच मान्य असलेलं दैवत आहे. त्यात हा पहिला धोंडा. महादेवप्पांनी रीतसर निमंत्रणाचा फोन केला.

"पाठवतो की," बसलिंगअप्पा म्हणाले. "पोरगं त्याच्या गाडीशिवाय कुठं जात न्हाई, तुम्हाला ठावं हाय. गाडी तुमच्या दारात उभी राहत असंल तर पाठवतो."

"आणि नसेल तर?"

"तर असं करा इवाई, धोंडे डब्यात भरून बसवर टाका. ड्रायव्हर वळखीचा हाय. आम्ही हितंच त्याला वाढतो."

जावयाऐवजी डबा! लातुरात अशी गोष्ट झाली असती तर ती औशापर्यंत जायला अर्धा तास लागला असता, आणि परत येताना 'डब्यात अनारसे कमी होते' अशी वाढून आली असती. महादेवप्पा उभे राहिले. फोनवर उभं राहण्याची गरज नसते, पण काही वाक्यं बसून बोलता येत नाहीत.

"गाडी दारात लागेल," ते म्हणाले. "आणि एक थेंब तेल सांडणार नाही. माझा शब्द आहे."

उमाबाई आतून ऐकत होत्या. "अनारसे मी करायचे, पुरण मी वाटायचं," त्या म्हणाल्या, "आणि शब्द द्यायला तेवढे तुम्ही मोकळे."

बातमी गल्लीत पसरली. सल्ला द्यायला सगळ्यात आधी दगडोबा आला. दगडोबाची शेती औशाकडं, घर मात्र याच गल्लीच्या टोकाला. त्याच्या भिंतीला टेकून गल्ली संपायची. दारात ट्रॅक्टर. ब्रेकर त्याच्या ट्रॅक्टरला कधी जाणवलाच नव्हता, त्यामुळं या विषयात तो तटस्थ तज्ज्ञ होता.

"अप्पा, लई सोपं हाय," तो ओसरीवर बसत म्हणाला. "चेंबराला खालून ट्रॅक्टरची ट्यूब बांधायची. हवा भरून. गाडी टेकली की उसळी मारून पुढं."

"आणि उसळून माझ्या दिवाणखान्यात आली तर?"

"मग दारात न्हाई, घरात लागली म्हणायचं. इवायाला अजून बरं वाटंल."

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी स्वप्नाली हिनं मोबाइलवर पाहून सांगितलं की, परदेशात अशा गाड्यांना खालून पत्र्याचं कवच बसवतात. खालच्या आळीतल्या एकानं चेंबरला लिंबू-मिरची बांधायला सुचवलं. गाडी उलटी आणावी, कारण तिचं पोट मागं उंच असतं, असाही एक विचार पुढं आला. गाडी न आणता तिचा फोटो आणावा, हा विचार उमाबाईंचा. त्याची नोंद घेतली गेली नाही.

महादेवप्पांचा मात्र अर्जावर विश्वास. रोगाचं मूळ चेंबर नाही, गतिरोधक आहे. जो अर्जानं... म्हणजे अर्जाच्या काळात आला, तो अर्जानंच जाईल. पोटच्या गोळ्याविरुद्ध अर्ज लिहिताना त्यांचा हात क्षणभर थांबला. पण जावई आणि ब्रेकर यांत निवड करायची वेळ आली तर ब्रेकरला सासर नसतं.

वॉर्डाच्या कचेरीत त्यांना खुर्ची मिळाली, कारण तिथं रविकिरण होता. रविकिरण उमेदवारीच्या काळात त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं अर्ज वाचला, कॉम्प्युटर पाहिला, कपाट उघडलं, कपाट बंद केलं.

"साहेब, काढायचा म्हणता. पण तिथं ब्रेकर नाहीच."

"नाही म्हणजे? अरे, मी रोज बघतो."

"तुम्ही बघता ते खासगी झालं साहेब. अभिलेखात नाही. जे अभिलेखात नाही ते काढून टाकायला माणसं पाठवली, तर उद्या ऑडिटवाले विचारतील, माणसांनी काढलं काय?"

"मग यावर उपाय?"

"आधी तो अभिलेखावर घ्यावा लागेल. मग तो अस्तित्वात येईल. अस्तित्वात आला की पुढं त्याचं काय करायचं ते बघता येतं." रविकिरण नम्रपणे हसला. "तुम्हीच शिकवलंय साहेब. आधी नोंद, मग वस्तू."

महादेवप्पांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं शिकवलं ते वाया गेलं नव्हतं. त्याच टेबलावर त्यांनी नवा अर्ज स्वहस्ते लिहिला. विषय : 'उपरोक्त ठिकाणचा गतिरोधक अभिलेखावर घेऊन त्याअनुषंगाने पुढील उचित कार्यवाही होणेबाबत.' 'काढून टाकणे' असा उघडावाघडा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. सभ्य अर्जात मागणी कधी स्पष्ट लिहू नये, 'उचित कार्यवाही' म्हणावं, हा त्यांचा दंडक. त्यांनी मसुदा एकदा मोठ्यानं वाचला. रविकिरण म्हणाला, "साहेब, असं लिहिणारं आता कुणी राहिलं नाही." दोघांनी चहा घेतला.

अर्जाच्या भरवशावर मात्र ते राहिले नाहीत. अर्जांची वाट किती पाहावी लागते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? स्वप्नालीच्या पत्र्याच्या कवचाची कल्पना त्यांनी मनातल्या मनात स्वतःच्या नावावर करून घेतली आणि ते खाजाभाईंच्या वर्कशॉपला गेले.

खाजाभाईंनी आयुष्यात फाटकं केली, खिडक्यांच्या जाळ्या केल्या, एकदा एका शाळेला घंटा करून दिली. गाडीचं कवच केलं नव्हतं, पण केलं नव्हतं म्हणून येत नाही असं मानणाऱ्यांतले ते नव्हते.

"अप्पा, फिकर नक्को करो. ऐसा बनातूं की रोड फुटेगा, चेंबर नै फुटता. बस, माप लाके देव."

माप कुठून आणायचं? गाडी नांदेडला. महादेवप्पांनी अक्षराला फोन लावला आणि गाडीखालची उंची मोजायला सांगितली.

"अप्पा, मी गाडीखाली कशी जाऊ? तिथं मांजरसुद्धा जात नाही."

"काहीतरी सरकवून बघ."

थोड्या वेळानं तिचा फोन आला. "वाटी जाते. पोळपाट घासतो."

महादेवप्पांनी घरचा पोळपाट उचलला आणि वर्कशॉपमध्ये पोचवला. दोन्ही पोळपाट उमाबाईंनी एकाच दुकानातून आणले होते, त्यामुळं शास्त्रीयदृष्ट्या यात खोट नव्हती. लांबी-रुंदी अक्षरानं ओढणीनं मोजून कळवली. खाजाभाईंनी पोळपाट ठेवून घेतला. पुढचे काही दिवस उमाबाईंनी पालथ्या ताटावर पोळ्या लाटल्या. तोंडानं त्या काहीच म्हणाल्या नाहीत, पण पोळ्यांचे आकार बरंच काही सांगत होते.

कवच तयार झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जाडजूड पत्रा, कडा वळवलेल्या, वर लाल रंग. आणि मधोमध उठावदार कमळ.

"हे कमळ कशाला?" महादेवप्पांनी विचारलं.

"आदत है अप्पा. गेट कू डालता मैं."

"अहो, पण गाडीच्या खालून कोण बघणार?"

खाजाभाईंनी याचा विचार केला आणि खालच्या बाजूला पांढऱ्या रंगात 'श्री महादेव प्रसन्न' लिहून दिलं. रस्त्यालाही वाचायला काहीतरी असावं.

हे कवच पोत्यात गुंडाळून महादेवप्पा नांदेडच्या बसमध्ये चढले. कंडक्टरनं ते एका हातानं उचलून बघितलं, मग दोन हातांनी उचलून बघितलं आणि सामानाचं वेगळं तिकीट फाडलं. शेजारी हिमायतनगरला निघालेली एक म्हातारी होती. तिनं पोत्याची कड वर करून आत पाहिलं.

"तवा लई मोठा केलाव. घरात माणसं किती हाईत?"

"तवा नाही बाई, जावयाच्या गाडीला खालून लावायचं आहे."

म्हातारीनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. "माझ्याबी जावयाला लई लागतं," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून बसली.

खरी परीक्षा नांदेडला होती. महादेवप्पांनी पोतं सोडून कवच व्याह्यांच्या बैठकीत मांडलं. विहीणबाई नागम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अधिक महिन्यात लोखंड?" त्या म्हणाल्या. "सोन्या-चांदीचं म्हणत न्हाई मी, पण जावयाला लोक तांबं तरी देतात. लोखंड शनीला देतात."

महादेवप्पांनी कवचावर घाईनं पोतं ओढलं. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कवच, चेंबर, पोळपाट या धांदलीत अधिक महिना लागला होता, आणि अधिकात जावयाच्या घरी लोखंड घेऊन येणारा मराठवाड्यातला पहिला सासरा होण्याचा मान त्यांनी पटकावला होता.

"हे वाण नाही," ते घाईनं म्हणाले, "हा सुटा भाग आहे."

"लेकीच्या घरी बापानं आणलेलं सगळं वाणच असतं."

बसलिंगअप्पांनी तोडगा काढला. खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि महादेवप्पांच्या हातावर ठेवलं. "घ्या इवाई. आता आम्ही विकत घेतलं. दान न्हाई, दोष न्हाई." मग नागम्मांकडं वळून म्हणाले, "चालतंय. लातूरची माणसं मेहनती. रिटायर होऊनबी काही ना काही धंदा करून राहिले."

परतीच्या बसमध्ये महादेवप्पा ते नाणं मुठीत धरून बसले होते. सरकारी अव्वल कारकून, विनाचौकशी निवृत्त. आणि आता लोखंडाचे किरकोळ विक्रेते.

तिकडं अमरेशनं कवच गॅरेजमध्ये नेऊन बसवलं. बोल्ट फाटकाच्या मापाचे होते, म्हणून गॅरेजवाल्यानं चारही बाजूंनी वेल्डिंग मारून टाकलं. आता ते गाडीच्या अंगाचाच भाग झालं, निघणं नाही. संध्याकाळी अमरेशचा फोन आला.

"मामा, कवच मजबूत आहे. पण एक गोष्ट झाली."

"काय?"

"गाडी अजून खाली गेली. आता वाटी पण घासते. दुकानासमोरून वळवताना ठिणग्या उडाल्या."

"चेंबर?"

"चेंबरला काहीच नाही."

"मग झालं तर," महादेवप्पा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. चेंबर आता जगातल्या कुठल्याही संकटाला तोंड द्यायला समर्थ होतं. फक्त गाडी कुठं जाऊ शकत नव्हती.

धोंड्याचा दिवस ठरला, रविवार. कचेरीतून काही हालचाल नाही. शेवटी दगडोबा, वरून सूचना देणारी स्वप्नाली आणि महादेवप्पा अशा तिघांनी मिळून ब्रेकरवर पूल बांधला. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती दाबून बसवली. वर फळ्या हव्या होत्या. महादेवप्पांनी दिवाणाच्या फळ्या काढल्या. हा दिवाण उमाबाईंच्या माहेरचा.

"गादी कशावर टाकू?" उमाबाईंनी विचारलं.

"एका दिवसाचा प्रश्न आहे," महादेवप्पा म्हणाले.

सकाळी गाडी आली. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर असा सगळा रस्ता ती पाण्यासारखी आली होती. खरा प्रवास आता गल्लीच्या तोंडाशी सुरू होत होता. अख्खी गल्ली बाहेर. स्वप्नाली गॅलरीतून शूटिंग घेत होती. दगडोबा गाडीसमोर उलटा चालत दोन्ही हात हलवत होता.

"येऊ द्या पाव्हणं! हां... हां... डावीकडनं... दाबा! दमानं! हौक, हौक! धरा!"

फळ्या करकरल्या. कुटार फसफसलं. कवच फळीला घासून असा आवाज आला की शेजारच्या घरातलं कुत्रं दिवाणाखाली गेलं. त्यांचा दिवाण शाबूत होता. क्षणभर गाडी वरच थांबली, म्हशी थांबतात तिथंच. मग हळूच पुढं झुकली, घसरली आणि महादेवप्पांच्या फाटकासमोर येऊन उभी राहिली.

महादेवप्पा पुढं झाले. गुडघे टेकले, मग कोपर टेकला, मग गाल जवळजवळ रस्त्याला लावून त्यांनी धुतलेला पांढरा रुमाल गाडीखाली सरकवला, चहूकडं फिरवला आणि बाहेर काढला. रुमालावर धूळ होती. तेल नव्हतं. त्यांनी तो उंच धरून गल्लीला दाखवला. टाळ्या पडल्या.

"इवाई," त्यांनी तिथूनच फोन लावला, "दारात लागली."

"तेल?"

"थेंब नाही."

"चालतंय," बसलिंगअप्पा म्हणाले. पण या 'चालतंय'मध्ये आज पहिल्यांदा थोडी हार होती. महादेवप्पांनी ती कान लावून ऐकली.

गल्ली पांगून आपापल्या घरी गेली, आत जेवणाची तयारी झाली. उन्हं मी म्हणत होती, म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि कूलर सोडला. हा कूलर हवा बेताची आणि आवाज चक्कीचा देणारा. उमाबाईंनी लेक-जावयाला पाटावर बसवलं, ओवाळलं, अनारशांचं ताट दिलं. अमरेशनं धोंडे खाल्ले, नको म्हणाला, अजून खाल्ले. अक्षरानं दिवाण कुठं गेला असं विचारलं, तिला डोळ्यांनी गप्प केलं. महादेवप्पांना वाटलं, आयुष्यात माणसाला यापेक्षा अधिक काय हवं असतं?

"मामा, निघतो आता," अमरेश हात धुऊन म्हणाला. "उद्या दुकान आहे."

महादेवप्पांनी दार उघडलं.

जुना ब्रेकर होता तिथंच होता. त्याला खेटून, रस्त्याच्या बाजूला, दुसरा होता. ओला, ताजा, जुन्यापेक्षा वीतभर रुंद आणि उंचीला तर विचारायलाच नको. बसलेल्या उंटाला दोन वशिंडं असावीत तसं ते दिसत होतं. कुटाराची पोती गेलेली. फळ्या मात्र दिसत होत्या: नव्या ब्रेकरच्या दोन्ही कडांना, साच्यासारख्या, सिमेंटात अर्ध्या गाडलेल्या. उमाबाईंच्या माहेरच्या सागवानावर थापीचे फराटे होते. दोन माणसं दोन्ही टोकांना दगड ठेवून दोरी बांधत होती आणि मुकादम मोटारसायकलवर बसून पाणी पीत होता.

"हे काय आहे?" महादेवप्पांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"ब्रेकर," मुकादम म्हणाला. "वरनं ऑर्डर होती. फळ्या तुम्ही आधीच काढून ठेवल्या होत्या, लई उपकार झाले. दोन टाईम पाणी मारा. तीन आठवडे वर काही घालू नका."

"अहो, पण आमची गाडी आत आहे!"

मुकादमानं गाडीकडं पाहिलं. मग वाकून गाडीच्या खाली पाहिलं. "ती तर सुकल्यावरबी निघायची न्हाई," तो सहानुभूतीनं म्हणाला. "खाली काहीतरी लिवलंय. महादेव प्रसन्न."

महादेवप्पांनी रविकिरणला फोन लावला. तो आधीच आनंदात होता.

"साहेब, तुमचंच काम म्हणून सुट्टीच्या दिवशी माणसं लावली! तुमचा अर्ज वर गेला, साहेबांनी वाचला आणि लगेच उचित कार्यवाही केली. नोंद झाली. नोंद झाली, पण जागेवर वस्तू नको का? म्हणून वस्तू पण केली."

"अरे, मला काढायचा होता!"

"आता काढता येतो की साहेब! आता तो अभिलेखावर आहे. फक्त नवीन कामाची हमीची मुदत संपेपर्यंत त्याला हात लावता येत नाही."

"आणि जुना?"

"जुना तर नाहीच ना साहेब."

दगडोबा येऊन दोन्ही ब्रेकरभोवती फिरून गेला. ट्रॉलीत गाडी घालून न्यावी तर ट्रॉलीला पण ओल्या सिमेंटावरूनच जावं लागणार. भिंत पाडावी तर पलीकडं त्याचाच गोठा, आणि गोठ्यापलीकडं नाला. "उचलून न्यावी म्हणलं असतं," तो म्हणाला, "पर तुमच्या कवचानं जड झालीय, अप्पा. म्या आधीच म्हणलं हुतं, ट्यूब बांधा."

अमरेश गाडीला टेकून उभा होता. अक्षरा तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. आणि तेवढ्यात फोन वाजला. बसलिंगअप्पा.

महादेवप्पांनी फोनकडं पाहिलं. गाडीकडं पाहिलं. दिवाळीतला ट्रक त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला, त्यामागून डबा घेऊन निघालेली बस गेली, मग एक रुपयाचं नाणं घरंगळत गेलं.

"इवाई, निघाली का पोरं?"

"गाडी दारात आहे," महादेवप्पा म्हणाले. हे खरं होतं.

"अजून?"

"तेलाचा थेंब नाही सांडला." हेही खरं होतं.

"ते झालं हो. निघाली कधी ते सांगा."

महादेवप्पांनी घसा साफ केला. त्यांच्यातला अव्वल कारकून जागा झाला. अडलेल्या फायलीवर काय शेरा मारायचा ते त्याला कधी सुचलं नाही असं झालं नव्हतं.

"इवाई, त्याचं असं आहे, पहिला धोंडा आहे. एका जेवणात उरकून जावयाला वाटेला लावायचं, हे आमच्या मनाला काही पटलं नाही. अधिक महिना संपेपर्यंत जावयाला सोडायचं नाही, असं ठरवलं आहे."

बसलिंगअप्पांचा आवाज आला तो अगदी वेगळा होता.

"महिनाभर? रोज धोंडा?"

"रोज."

"इवाई, दिवाळीत म्या जरा वाकडं बोललो. मनावर घेऊ नका. असा मान नांदेडात कुण्या जावयाला मिळाला न्हाई. आत्ताच सगळ्या सोयऱ्यांना फोन करतो. दुकान म्या बघतो, पोराला म्हणावं निवांत राहा." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "न्हाई, असं करतो. येत्या आयतवारी आम्हीबी दोघं येतो. नागम्माला हे डोळ्यानं बघायचं हाय."

महादेवप्पांनी फोन खिशात ठेवला आणि मागं वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात उमाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत गेल्या. थोड्या वेळानं डब्यातून हरभऱ्याची डाळ पातेल्यात पडल्याचा आवाज आला. पातेलं मोठं असावं. आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवप्पा पाइप घेऊन नव्या ब्रेकरला पाणी मारत होते. रात्री ते जमिनीवर झोपले होते आणि पाठ तसं सांगत होती. लाल गाडीवर जावयानं कापड घातलं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा येऊन थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "अप्पांचा ब्रेकर हाच का?"

"कुठला पाहिजे?" दगडोबानं ट्रॅक्टर पुसता पुसता ओरडून विचारलं. मग महादेवप्पांकडं वळून म्हणाला, "अप्पा, लई निगुतीनं पाणी मारताव."

"मारायला सांगितलंय," महादेवप्पा कोरडेपणानं म्हणाले. "दोन वेळा."

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. उमाबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत पुरणात होते.

"दोन वेळा कशाला?" त्या म्हणाल्या. "तीन वेळा मारा. तेवढंच माझं पुरण लवकर थांबेल."